काउंटरवरचा होकार

भारतीय पेशंटला खासगीपणाचं काही पडलेलं नसतं, हे विधान हल्ली आरोग्य आणि तंत्रज्ञानावरच्या परिषदांमध्ये इतक्या सहज केलं जातं, की त्याला पुरावा मागायचंही कुणाच्या मनात येत नाही. मागितलाच, तर पुरावे हजर असतात. ओपीडीत एकाची तपासणी चाललेली असताना आणखी चार जण टेबलाभोवती उभे असतात आणि कुणाची हरकत नसते. सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी पोचायच्या आत भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेला असतो. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपल्या बायपासची हकिकत खर्चाच्या आकड्यांसकट सांगतो. सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे सत्तर कोटींहून अधिक लोकांच्या नावे निघालेली आभा खाती, म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधली आरोग्य ओळख. एवढ्या लोकांनी खुशीनं नोंदणी केली, मग संमतीचा बाऊ कशाला? खासगीपणा ही युरोपातली चैन, आपल्या माणसाला औषध हवंय. तेव्हा माहिती गोळा करा, जोडा, वापरा. यातली निरीक्षणं बहुतेक खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे, आणि तो किती खोटा आहे हे त्याच निरीक्षणांकडे नीट पाहिलं तर कळतं.

रिपोर्ट भावकीच्या ग्रुपवर का जातो? डॉक्टरांनी चार मिनिटांत जे सांगितलं ते कळलेलं नसतं, आणि ग्रुपमध्ये कुणाची तरी सून नर्स असते, कुणी मेडिकल स्टोअर चालवत असतं. पैशांची जुळवाजुळव याच माणसांकडून व्हायची असते. ऑपरेशनच्या दिवशी रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ यांनीच करायची असते. थोडक्यात, माहिती ज्यांच्या उपयोगाची, त्यांच्याकडे जाते. पण हाच माणूस डॉक्टरांना हळूच म्हणतो, "साहेब, शुगरचं कागदावर नका लिहू, मेडिक्लेम काढायचाय." ज्या घरात बीपीच्या गोळ्या टीव्हीशेजारी उघड्यावर असतात, त्याच घरात फिट येण्याच्या गोळ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली असतात, मुलीचं लग्न ठरेपर्यंत. मानसोपचारासाठी आपलं गाव सोडून दुसऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारे, टीबीचं औषध घरापासून लांबच्या दवाखान्यातून आणणारे, गर्भपातासाठी ओळखीचं कुणी नसेल असं शहर शोधणारे हे सगळे याच 'बेफिकीर' समाजातले लोक आहेत. कोणता आजार, कुणाला, कधी आणि कितपत सांगायचा याचा हिशेब इतका बारीक असतो, की कुठल्याही अ‍ॅपच्या परवानग्यांच्या यादीत तो मावणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडे कुणी परदेशातून येऊन शिकवलेलं नाही.

चैनीच्या मुद्द्याला तर महाराष्ट्राचा इतिहासच उत्तर देतो. 1896 मध्ये प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात शिरला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि रँडच्या प्लेग समितीनं घरोघर झडत्या सुरू केल्या. रुग्ण सापडला की तो प्लेगच्या इस्पितळात, घरचे विलगीकरणाच्या छावणीत आणि घरातलं सामान अनेकदा आगीत. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, मृत्यूसुद्धा लपवले. त्या काळातल्या पुणेकरांनी खासगीपणावर कुणा तत्त्ववेत्त्याचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. आपल्या घरातल्या काखेतल्या गाठीची बातमी सरकारदरबारी पोचली तर पुढं काय होतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. माहिती दिल्यानं होणारा त्रास माहिती लपवल्यानं होणाऱ्या त्रासापेक्षा मोठा झाला, की माणूस तोंड बंद करतो. मग साथीचा सगळा हिशेब चुकतो आणि ज्या सार्वजनिक हिताच्या नावाखाली झडत्या घेतल्या तेच पहिल्यांदा बुडतं. चाफेकर बंधूंनी जून 1897 मध्ये रँडवर गोळी झाडली एवढंच आपण शाळेत शिकतो. आरोग्यखात्यानं त्या वर्षाकडून शिकायचा धडा वेगळा होता.

शंभर वर्षांनी हीच गोष्ट एका माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापुढं आली. नागालँडच्या आरोग्यसेवेतला एक डॉक्टर नातेवाइकासोबत मद्रासला गेला असता तिथल्या रुग्णालयात त्याचं रक्त घेतलं गेलं, आणि तपासणीत एचआयव्हीची लागण निघाली. ही गोष्ट बाहेर फुटली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि समाजानं वाळीत टाकल्यावर त्याला कोहिमा सोडावं लागलं. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात 1998 मध्ये न्यायालयानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला: नियोजित वधूच्या जिवाचा प्रश्न असताना गुप्ततेचा हक्क पुढं करता येत नाही. वधूपुरतं ते मान्य करू. पण गाव सोडायची वेळ त्याच्यावर आली ती एकट्या वधूला कळल्यामुळे नाही, तर जिला कळायला हवं होतं तिच्याखेरीज उरलेल्या सगळ्यांना कळल्यामुळे. हा फरक पुढं कायद्यानं ओळखला. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं लागणीची माहिती संमतीशिवाय उघड करायला बंदी घातली आणि जोडीदाराला सांगण्याची वाट वेगळी, अटींसह आखून दिली. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्तता हा रुग्णाचा हक्क म्हणून आला. गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन स्त्रीचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढं गेलं: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिची ओळख सांगायलाच हवी असं नाही. कारण अगदी व्यवहारी होतं. नाव बाहेर जाईल या धास्तीनं अशा मुली दवाखाना टाळून भोंदूंच्या हाती सापडतात. ज्या समाजाला खासगीपणाचं सोयरसुतक नाही, त्याला इतके कायदे आणि इतके निकाल का लागले असतील?

आता त्या सत्तर कोटींकडे वळू. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर सकाळी नऊ वाजता काय चालतं ते पाहा. रांग दारापर्यंत आलेली, डॉक्टर साडेबाराला उठणार. खिडकीतून आवाज येतो, "आधार द्या. मोबाइल नंबर? ओटीपी आला का? सांगा पटकन." म्हातारी पिशवीतून मोबाइल काढून मागच्या पोराच्या हातात देते, तो सहा आकडे मोठ्यानं वाचतो, खिडकीतला माणूस बटणं दाबतो आणि केसपेपर बाहेर येतो. एवढ्या वेळात म्हातारीच्या नावे आरोग्यखातं उघडलेलं असतं आणि तिनं संमती दिल्याची नोंदही झालेली असते. तिला विचारलंत तर ती सांगेल, केसपेपर काढला. आभा ऐच्छिक आहे असं सरकार वारंवार सांगतं, नियमही तेच म्हणतो. पण त्या खिडकीवर 'ऐच्छिक' हा शब्द कुणी उच्चारत नाही. उच्चारला तर मागची रांग ओरडेल. इथं नकाराची किंमत म्हणजे आजची ओपीडी हुकणं, पर्यायानं एका दिवसाची मजुरी बुडणं. अशा ठिकाणी मिळालेल्या होकारावरून माणसाच्या मनातलं काहीही कळत नाही. रेशनच्या रांगेतल्या अंगठ्यावरून तांदळाची आवड ठरवण्यासारखंच हे आहे. कोविडच्या लसीकरणात तर खिडकीवरचा हा संवादसुद्धा झाला नाही. ओळख म्हणून आधार दाखवलेल्या अनेकांच्या नावे 2021 मध्ये परस्पर आरोग्य क्रमांक निघाले आणि प्रमाणपत्रावर तो छापून आल्यावर त्यांना ते कळलं. त्यांनी कशाला होकार दिला होता? सुईला.

या योजनेचा आराखडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. खरं तर कागदावर तो बराच चांगला आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात न साठवता ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात. दुसऱ्या डॉक्टरला त्या हव्या असतील तर कोणत्या नोंदी, कशासाठी, किती मुदतीपुरत्या हे सांगून मागाव्या लागतात आणि पेशंट दिलेली परवानगी मागे घेऊ शकतो. औरंगाबादेत काढलेला एमआरआय मुंबईत दाखवायला बाडबिस्तरा न्यावा लागू नये, हे कुणाला नको असेल? केमोच्या चौथ्या आवर्तनात फाइल हरवलेल्या माणसाला या सोयीचं मोल विचारा. पण यंत्रणेनं ज्याला इनाम लावलं, ते वाढतं. जानेवारी 2023 पासून केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत रुग्णालयांना आणि लॅबना आभाशी जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर पैसे मिळू लागले. परवानगी समजावून सांगितल्याचे पैसे कुठंच मिळत नाहीत. तेव्हा खिडकीवरचा माणूस काय वाढवील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: गरीब देशात माहिती साठवली नाही तर माणसं मरतात, विचारत बसायला वेळ नाही. आक्षेप गंभीर आहे, म्हणून श्रीमंत देशात विचारत न बसण्याचं काय झालं ते पाहू. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करणारी 'केअर डॉट डेटा' ही योजना आली. जानेवारी 2014 मध्ये घरोघर एक पत्रक टाकलं गेलं, पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात ते पडलं, आणि नको असेल तर काय करायचं याचा साधा फॉर्मही त्यात नव्हता. पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रांनी छापलं, की 4.7 कोटी पेशंटांच्या रुग्णालयांतल्या तेरा वर्षांच्या नोंदी विम्याचं गणित करणाऱ्यांच्या एका संस्थेला आधीच दिल्या गेल्या आहेत. योजना थांबवावी लागली आणि जुलै 2016 मध्ये ती गुंडाळली. 2021 मध्ये तोच प्रयत्न नव्या नावानं झाला. एकट्या जून महिन्यात दहा लाखांहून अधिक लोकांनी आपली माहिती वापरू नका असं कळवलं आणि हाही बेत बेमुदत पुढं ढकलला गेला. आता याच देशातली, याच लोकांची, याच काळातली दुसरी गोष्ट. ओपनसेफ्ली या व्यवस्थेतून 2020 मध्ये 1.7 कोटी प्रौढांच्या नोंदींवरून कोविडनं कुणाला मृत्यूचा धोका जास्त आहे हे काढलं गेलं. इथं नोंदी संशोधकांना दिल्याच जात नाहीत. संशोधक आपला प्रोग्राम नोंदी जिथं आहेत तिथं पाठवतो आणि फक्त उत्तर परत येतं, शिवाय कुणी काय विचारलं याची नोंद सगळ्यांना पाहता येते. याविरुद्ध तसा कल्लोळ झाला नाही. माणसं तीच होती. माहिती देण्याला त्यांचा विरोध नव्हता. कोण नेतंय आणि पुढं कुणाला देणार, हे न सांगण्याला होता. घाईनं जो वेळ वाचवायचा होता, त्याच्या कित्येक पट वेळ त्या घाईनंच घालवला.

दुसरा आक्षेप तांत्रिक असतो: नाव-पत्ता काढून टाकला की झालं, मग भीती कसली? अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी नव्वदच्या दशकातच दाखवून दिलं, की नाव नसलेल्या रुग्णालयीन नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची फाइल शोधता येते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर काम होतं. आपल्याकडे तर पिनकोडसुद्धा लागणार नाही. तालुका, वय, जमात आणि आजार सांगा, गाव बाकीचं स्वतः जुळवतं. सिकलसेलचं उदाहरण घ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासींमध्ये या आजाराचं प्रमाण मोठं आहे. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आणि तपासलेल्यांना रंगीत कार्ड द्यायचं. मुलाचं आणि मुलीचं कार्ड एकमेकांवर ठेवलं, की होणाऱ्या अपत्याला आजाराचा धोका किती ते दिसतं. कल्पना हुशारीची आहे, हेतूही चांगला. पण जी मुलगी नुसती वाहक आहे, जिला आजार नाही आणि होणारही नाही, तिच्या घरात त्या रंगाचं कार्ड आलं, की ते लग्नाच्या बोलणीत पत्रिकेच्या आधी मागितलं जाणार. वाहक मुलाचं लग्न अडेल की मुलीचं, हे सांगायची गरज नाही. तपासणी करू नये असा याचा अर्थ होत नाही. पण तिथं समुपदेशकाचा तास आणि कार्ड कुणी पाहायचं याचा नियम तपासणीच्या किटइतकाच आवश्यक आहे, आणि मोहिमेचं यश मोजताना किती जणांची तपासणी झाली याच आकड्याचा गाजावाजा होतो.

तिसरं म्हणजे 'आमच्याकडे तुमची माहिती सुरक्षित आहे' हे आश्वासन. फेब्रुवारी 2020 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीनं दाखवून दिलं, की भारतीय पेशंटांचे बारा कोटींच्या आसपास एक्स-रे, सीटी आणि तत्सम फोटो इंटरनेटवर पासवर्डशिवाय पाहता येतात, बरोबर पेशंटचं नावही. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर ठप्प झाले आणि देशातलं एक अग्रगण्य सरकारी रुग्णालय सुमारे दोन आठवडे हातानं केसपेपर लिहीत होतं. जून 2023 मध्ये मोबाइल नंबर टाकताच लस घेतलेल्याचे तपशील सांगणारा टेलिग्राम बॉट फिरू लागला; कोविनचा साठा थेट फोडला गेल्याचं सरकारनं नाकारलं, पण तपशील लोकांच्या हातात होते ते होतेच. अशा वेळी नुकसान कुणाचं आणि भरपाई कुणाला? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 अ कलमाखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येत होती आणि 2011 चे नियम आजाराच्या इतिहासाला संवेदनशील माहिती मानत होते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं हे कलमच वगळायची तरतूद केली. संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गही त्यात उरला नाही. बुटाचा नंबर आणि एचआयव्हीचा रिपोर्ट एकाच तागडीत. दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा रिपोर्ट गावभर झाला त्याच्या हातात एक रुपया पडत नाही. उलट त्यानं खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर दहा हजारांपर्यंत दंड त्यालाच. अशा व्यवस्थेत जो पेशंट 'कागदावर नका लिहू' म्हणतो, तो अडाणी नाही. त्यानं कायदा न वाचता बरोबर ओळखला आहे.

उरतो तो प्रश्न जिथं विचारून चालतच नाही. टीबीचा रुग्ण सापडला की कळवणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि ते असावं. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफीचे फॉर्म ऑनलाइन भरायला लावले, मशीनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायचा आदेश काढला, रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं खासगीपणाचा मुद्दा काढला आणि 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूनं कौल दिला. गर्भातल्या मुली मारल्या जात असताना तो कौल योग्यच होता. तिथं गर्भवतीच्या खासगीपणाची ढाल जे पुढं करत होते, त्यांना तिच्यापेक्षा आपल्या मशीनची काळजी जास्त होती, असं मला वाटतं. सक्ती करायची तिथं राज्यानं कायदा करावा, कारण सांगावं, कोर्टात टिकवून दाखवावं. सक्तीला पेशंटची 'संमती' म्हणायचं, आणि मग त्या संमतीच्या आकड्यावरून त्याला कशाचीच हरकत नसते असं जाहीर करायचं, हा मात्र चलाखीचा धंदा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कायद्याचे नियम आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत मिळाली. रुग्णालयांना आपल्या खिडक्या सुधारायला एवढा वेळ पुरेसा आहे.

सुधारणा फार खर्चाची नाही. केसपेपर आणि आभा या दोन कामांना दोन वेगळे प्रश्न असावेत, आणि दुसऱ्याला 'नको' म्हणणाऱ्याला पहिलं काम त्याच वेगानं करून मिळावं. उपचारासाठी दिलेली परवानगी विमा कंपनीला, औषध कंपनीला किंवा संशोधकाला आपोआप लागू होऊ नये. ती त्या त्या वेळी, ज्याला आपल्या भाषेत समजावता येतं अशा माणसानं मागावी. आशाताईंच्या डोक्यावर हे काम टाकणार असाल तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत, त्यांच्या वहीत आधीच पुरेसे रकाने आहेत. मिशनच्या डॅशबोर्डवर किती खाती निघाली आणि किती नोंदी जोडल्या गेल्या हे मोठ्या अक्षरांत दिसतं. त्याच्या शेजारी जिल्हावार आणखी दोन आकडे हवेत: विचारल्यावर किती जण नको म्हणाले, आणि दिलेली परवानगी किती जणांनी मागे घेतली. ज्या खिडकीवर महिनाभरात एकही नकार नोंदला गेला नाही, तिथं जिल्हा शल्यचिकित्सकांनी एक दिवस सकाळी नऊ वाजता रांगेत उभं राहून बघावं.